रांजणातले सोनेरी खडे

जुई गुंजाळने पहिलं अ‍ॅप बनवलं तेव्हा ती आठवीत होती. ती नववीत गेली तोवर त्या अ‍ॅपने तिच्या आईला चोर ठरवलं होतं.

मधे काय घडलं ते सांगण्याआधी एक छोटा प्रयोग करू. दोन बोटं गळ्यावर, कंठमण्यापाशी ठेवा. आता तोंड मिटून, आवाज न काढता, स्वतःचं नाव घ्या. काही जाणवलं नाही ना? बोटांना ते जाणवणारच नाही. पण नाव घ्यायचं असं मेंदूने ठरवलं, त्या क्षणी जीभ, ओठ, जबडा आणि गळ्याच्या स्नायूंकडे निरोप निघाला. तुम्ही आवाज रोखलात, तरी निरोप निघून गेलेला असतो. कुणी कडी वाजवावी आणि आपण दार उघडू नये, तसं. स्नायू जागचे हलत नाहीत, पण त्यांच्यात विजेची एक क्षीण थरथर उठते. टॉर्चमधल्या सेलच्या लाखाव्या हिश्शाएवढी. 'म' म्हणायला ओठ मिटावे लागतात, 'क' म्हणायला जिभेचं मूळ उचलावं लागतं, म्हणून प्रत्येक शब्दाची थरथर वेगळी. ती टिपता आली, तर न बोललेला शब्द वाचता येतो.

'मुखर' नावाचा नवा फोन या थरथरीवर चालत असे. खिशात काडेपेटीएवढी डबी, आणि कानामागून जबड्याच्या कडेने चिकटवायची एक कातडीच्या रंगाची पट्टी. कंपनीने पट्टीला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं. लोक तिला गालपट्टी म्हणत. गालपट्टी लावून तुम्ही एसटीत बसल्या बसल्या, ओठही न हलवता, घरी फोन करून भाजी कोणती आणू ते विचारू शकत होता. घशाच्या आजाराने आवाज गेलेली माणसं तिच्यामुळे पुन्हा बोलू लागली. हे खरं आहे आणि ते चांगलं झालं. पुढचं सगळं वाचून रागावताना हेही लक्षात ठेवायला हवं.

फोन नवा, म्हणून त्यावर चालणारी अ‍ॅप थोडी. ती वाढावीत म्हणून कंपनीने अ‍ॅप लिहिण्याची साधनं फुकट दिली आणि मराठीतही दिली. संगमनेरच्या नगर वाचनालयात देवकर बाई दर रविवारी मुलांना ती शिकवत. नव्या यंत्रावरचा पहिला धडा जगात सगळीकडे सारखाच असतो: यंत्राला नमस्कार करायला लावायचा. मुलांनी मनात 'नमस्कार' म्हटलं, डबीतून 'नमस्कार' ऐकू आलं, आणि वाचनालयात असा कल्ला झाला की वर्तमानपत्र वाचणारे आजोबा उठून गेले.

तिसऱ्या रविवारी बाईंनी फळ्यावर दोन गोल काढले.

"या फोनकडे दोन याद्या असतात," त्या म्हणाल्या. "एक, पट्टीने टिपलेले शब्द. म्हणजे मनात जुळलेले. दुसरी, माइकने ऐकलेले. म्हणजे तोंडातून निघालेले. पहिलीतून दुसरी वजा केली तर काय उरेल?"

"शिव्या," मागून एकजण म्हणाला.

"त्याही," बाई हसल्या. "जे ओठांवर आलं आणि आपण गिळलं, ते सगळं. कंपनीने त्याला नाव दिलंय 'आवंढा'. आता आवंढा आला की फोनने काय करायचं, ते तुम्ही ठरवा."

जुईने ठरवलं की कावळ्याने रांजणात खडा टाकायचा.

तिने पडद्यावर रांजण काढला, कावळा काढला. काळ्या कावळ्याची काळी चोच दिसेना, म्हणून चोच जांभळी केली. गिळलेल्या प्रत्येक शब्दाला एक खडा. शब्द आकडा असेल तर खडा सोनेरी, कारण त्याच रविवारी आकडे कसे ओळखायचे ते बाईंनी शिकवलं होतं आणि जुईला सोनेरी रंग आवडत होता. आणि गिळलेला शब्द नंतर कधी मोठ्याने बोलला गेला, तर कावळ्याने त्या शब्दाचे सगळे खडे चोचीने उचलून बाहेर टाकायचे. रांजण रिकामा झाला की पडद्यावर येई: 'शाब्बास. १००.'

हे अ‍ॅप तिने आईसाठी बनवलं होतं. सारिका अमृतवेल पतसंस्थेत काउंटरवर होती. घरी आली की तासभर गप्प असे. रांजण पाहून आई काय ते सांगेल, सांगितलं की खडे जातील, एवढाच जुईचा विचार होता.

पहिली चाचणी जेवताना झाली. सारिकाने गालपट्टी लावली, जुईने डबीचा पडदा ताटाशेजारी उभा केला.

"आमटीत मीठ कमी पडलंय का गं?" विलास म्हणाला. तो आगारात एसटीच्या गाड्या दुरुस्त करी.

सारिका काही बोलली नाही. पडद्यावर टप, टप, टप असे तीन खडे पडले, आणि खाली अक्षरं उमटली: स्वतः उठून घे.

विलास घास हातात धरून हसत सुटला. "सोळा वर्षं मला वाटत होतं, बायको शांत आहे माझी."

जुईही हसली. सारिकाने मात्र पट्टी सोलून काढली आणि ताटाखाली दाबून ठेवली.

"खडे पडू देत. शब्द दिसायला नकोत."

"पण आई, गंमत त्यातच तर..."

"तोंडातून निघेल ते जगाचं. आत राहील ते माझं. ती अक्षरं काढून टाक. आत्ता."

जुईने डबी उचलली, पाच मिनिटं खाली मान घालून बसली आणि म्हणाली, "काढली."

तिने ती ओळ काढली नव्हती. तिने ती झोपवली होती. अ‍ॅप लिहिणारे लोक एखादी ओळ नको झाली तर ती खोडत नाहीत. तिच्यापुढे एक खूण टाकतात, म्हणजे यंत्र ती वगळून पुढे जातं. उद्या लागली तर खूण काढायची. देवकर बाईंच्या वर्गातली मुलं याला 'ओळ झोपवणं' म्हणत, आणि कष्टाने लिहिलेली ओळ कुणीच खोडत नसे. जुईनेही नाही खोडली.

मग काही दिवस ते घर सुखाचं होतं. पट्टी लावून सारिका संध्याकाळी ओट्याशी उभी राही, जुई रांजण पाही. एकदा तिने विचारलं, "आई, सोनेरी एवढे कसे गं? तू आकडे कशाला गिळतेस?"

सारिका पोळी उलटता उलटता थांबली. "पाढा आहे तो. तेराचा."

"कशाला?"

"राग आला की म्हणायचा. लग्नात माझ्या आईने दिलेला आहेर. म्हणाली, सासरी कुणी काही बोललं तर उलट बोलू नकोस, मनात तेराचा पाढा म्हण. बेचा लवकर संपतो. तेराचा म्हणत सतरोदरसेपर्यंत, एकशे सतरापर्यंत पोचलीस की समोरचा माणूस निघून गेलेला असतो."

"मामालाही दिला का हा आहेर?"

"मुलांना हिशेबापुरते पाढे शिकवतात." सारिकाने पोळी डब्यात टाकली. "तुला मी दिलाय का? नाही ना? मग झालं."

महिन्याभराने वर्गातल्या सगळ्यांनी आपली अ‍ॅप 'मुखर'च्या बाजारात ठेवली. ठेवताना एक प्रश्न येई: तुमचं लिखाण बंद ठेवायचं की मोकळं? मोकळं म्हणजे कुणीही ते घ्यावं, वाचावं, बदलावं, वापरावं. देवकर बाई म्हणाल्या, "मी शिकले ती दुसऱ्यांचं मोकळं वाचूनच. ज्याला द्यावंसं वाटेल त्याने द्यावं." सगळ्यांनी 'मोकळं'वर बोट ठेवलं. 'रांजण' हजारो लोकांनी उतरवून घेतलं, जुईचं नाव वाचनालयाच्या फलकावर लागलं, आणि विलासने आगारात पेढे वाटले.

आता ज्या माणसांचा मला राग येतो त्यांच्याकडे येऊ.

पुण्यात काही लोकांनी एक कंपनी काढली. बँका, पतसंस्था, दवाखाने, दुकानं यांना एक वस्तू विकायची: नोकर मनात काय म्हणतो ते मालकाला दाखवणारी. वस्तू बनवण्याचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत. बाजारातून एका आठवीतल्या मुलीचं अ‍ॅप उचललं. तिने झोपवलेली ओळ त्यांना दिसली. त्यांनी खूण काढली, ओळ जागी झाली. 'रांजण'ला त्यांनी 'निष्ठा' असं नाव दिलं. 'शाब्बास. १००' होतं तिथे 'निष्ठांक १००' लिहिलं. जुईने सोनेरी केलेल्या खड्यांना 'संवेदनशील आकडे' म्हटलं. कावळा तसाच ठेवला, कारण कावळा काढायलाही काम पडतं.

आणि ते लोकांनी विकत घेतलं. शिकलेल्या, टाय लावणाऱ्या, सह्यांचे अधिकार असणाऱ्या माणसांनी घेतलं. एकानेही विचारलं नाही की बाबा रे, हा कावळा कशाला आहे.

अमृतवेल पतसंस्थेत एका सकाळी सगळ्यांना गालपट्ट्या वाटल्या गेल्या. शाखाधिकारी खैरनार म्हणाले, "ग्राहकांसमोर आरडाओरडा नको. आपसात गुपचूप बोलता येईल. सोय आहे." सही करायच्या कागदावर 'सेवा सुधारण्यासाठी नोंदी ठेवल्या जातील' असं वाक्य होतं. ते सारिकाने वाचलं. पण घरी तिने तशीच पट्टी मुलीसाठी लावली होती. पट्टीला ती घाबरत नव्हती. तिने सही केली.

दोनेक महिन्यांनी खैरनारांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाले नाहीत.

"गुंजाळ मॅडम, बोऱ्हाडे गुरुजींच्या खात्यातून पैसे गेले, माहीत आहे ना?"

"ऐकलं सर. वाईट झालं."

"मोबाइलवर सहा आकडी नंबर येतो, तो सांगितल्याशिवाय पैसे हलत नाहीत. त्या दिवशी गुरुजी तुमच्या काउंटरवर होते. मोबाइल तुमच्यासमोर होता."

"सर, ते पासबुक भरून घ्यायला आले होते. प्रिंटर बंद होता, म्हणून मलाच बोलत होते. फार बोलत होते. तुम्ही काचेतून बघत होतात."

खैरनारांनी पडदा तिच्याकडे वळवला. रांजण. रांजणाच्या काठावर जांभळ्या चोचीचा कावळा. आणि तळाशी सोनेरी खड्यांचा ढीग.

"त्याच वेळी तुम्ही मनात म्हणत होतात: तेरा, सव्वीस, एकोणचाळीस. एक तीन दोन सहा तीन नऊ. सहा आकडे होतात, मॅडम. तुम्ही नंबर पाठ करत होतात."

सारिका कावळ्याकडे बघत राहिली. आपल्या मुलीने चोच रंगवताना जीभ दातात धरली होती, ते तिला आठवलं.

"तो पाढा आहे, सर."

"काय?"

"तेराचा पाढा. राग आला की म्हणते मी."

खैरनार हसले. शाखेतली बाकीची माणसं काचेतून पाहत होती, म्हणून जरा जास्तच हसले. "चाळीस वर्षांच्या बाई तुम्ही, काउंटरवर उभं राहून पाढे म्हणता? आणि सांगता कुणाला? मशीन सांगतंय. मशीनला तुमच्याशी काही वैर आहे का? सोमवारी अध्यक्ष येतील. तोवर घरी बसा. पट्टी मात्र काढायची नाही. काढलीत तर आम्ही काय समजायचं ते समजू."

घरी आल्यावर सारिकाने चपला काढल्या, पट्टी काढून डब्यात टाकली, आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग जुईला समोर बसवून सगळं सांगितलं. विलास दारात उभा राहून ऐकत होता.

"कावळा तुझाच होता," ती शेवटी म्हणाली. "त्याखाली माझे शब्द होते. सगळे. जुई, ती ओळ तू काढली होतीस ना?"

जुई डब्याकडे बघत म्हणाली, "झोपवली होती."

"म्हणजे?"

"म्हणजे... होती. खूण होती फक्त पुढे. कुणी खूण काढली तर..."

सारिकाने डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबलं. त्या वेळी तिने काय काय गिळलं ते मोजायला गालावर पट्टी नव्हती. जुईला मात्र एकही खडा न पडता सगळं ऐकू आलं.

"आगारात आम्ही मोठी माणसंसुद्धा पाना गाडीत विसरतो, आणि मग ब्रेक लागत नाही," विलास दारातून म्हणाला. "पोरीला काय माहीत, बाजारात काय..."

"तुम्ही थांबा," सारिका म्हणाली. "जुई, तू मला खोटं सांगितलंस. त्याचा राग मला आहे, तो राहील, आणि तो मी गिळणार नाही. पण चोर तू नाहीस. तू एक ओळ झोपवलीस. ज्यांनी ती उठवून माझ्यावर सोडली ती मोठी माणसं आहेत. त्यांना मुली असतील. सोमवारी तू माझ्याबरोबर यायचं."

"मी?"

"ते अ‍ॅप कुणी बनवलंय?"

सोमवारी पतसंस्थेच्या सभागृहात लांब टेबलापलीकडे तिघे बसले होते. मधे अध्यक्ष अण्णासाहेब कडलग, एका बाजूला खैरनार, दुसऱ्या बाजूला पुण्याहून आलेला 'निष्ठा'चा माणूस, बागवे. भिंतीवर मोठा पडदा. त्यावर रांजण गळ्यापर्यंत भरलेला.

"मुलीला शाळा नाही का?" कडलगांनी विचारलं.

"आहे. हे अ‍ॅप तिने लिहिलंय, म्हणून आणली," सारिका म्हणाली. गालपट्टी तिने लावलेली होती.

बागवेने लॅपटॉपमधून डोकं वर काढलं. "मॅडम, आमचं उत्पादन आमच्या तज्ज्ञांनी..."

"कावळ्याची चोच जांभळी का आहे?" जुईने विचारलं. "आणि आकड्यांचे खडे सोनेरी का आहेत?"

"सोनेरी म्हणजे संवेदनशील. धोका कुठे आहे ते ओळखण्याची आमची एक पद्धत आहे."

"नाही. मला सोनेरी आवडतं म्हणून. आणि काळी चोच दिसत नव्हती."

बागवे खैरनारांकडे पाहू लागला, खैरनार कडलगांकडे. कडलगांना चोच आणि खडे यांत रस नव्हता. त्यांनी आयुष्यभर बैठका मिटवल्या होत्या आणि हीही दुपारच्या जेवणाआधी मिटवायची होती.

"हे बघा बाई," ते म्हणाले, "पोरीला पुढं करून रडगाणं गाऊ नका. बाईमाणूस म्हणून पोलिसात गेलो नाही अजून. राजीनामा लिहा, विषय संपवा. नाहीतरी नवरा कमावतोय, तुम्हाला काय नोकरीची एवढी निकड?"

टप.

पडद्यावर एक सोनेरी खडा पडला. खाली अक्षरं उमटली: तेरा.

टप. सव्वीस.

"बघा," खैरनार पुढे झुकले. "बघा साहेब, पुन्हा तेच. आत्तासुद्धा."

"आता एकोणचाळीस येईल," जुई म्हणाली.

टप. एकोणचाळीस.

"आता बावन्न."

टप. बावन्न.

दाराशी चहाचे कप घेऊन आलेला शिपाई तिथेच थांबला.

"पासष्ट," जुई म्हणाली. "मग अठ्ठ्याहत्तर. एक्याण्णव. तुम्हीसुद्धा शाळेत म्हटला असेल. आत्ता कुणाच्या खात्याचा नंबर चोरतेय माझी आई? तुमच्या?"

टप. पासष्ट.

आणि तिथे पाढा थांबला. सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. अठ्ठ्याहत्तर आलं नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदा सारिकाने पाढा मधेच सोडला होता.

"निकड आहे," ती म्हणाली. मोठ्याने. "तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नोकरीची निकड मला आहे, कारण ती माझी आहे. नवरा कमावतो म्हणून मी घरी बसायचं असेल, तर तुमची सून तुमच्या दुसऱ्या शाखेत काय करते?"

कावळा उडाला. रांजणात चोच घालून त्याने खडे उचलले आणि बाहेर टाकले. बागवेने लॅपटॉपवर काहीतरी दाबलं. कावळा थांबला नाही.

"खैरनार सर, तुम्ही मला रोज सकाळी 'आज छान दिसताय' म्हणता. मला ते नको असतं. प्रत्येक वेळी गिळलंय. आज सांगते, नको. बायकांच्या संडासात तुम्ही जुन्या फायली भरल्यात. त्यामुळे मी आणि शिंदेबाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाही. पाच वेळा अर्ज दिला. सहाव्या वेळी गिळला. बोऱ्हाडे गुरुजी मला त्या दिवशी काय म्हणाले ते तुम्ही काचेआडून ऐकलंत आणि काचेवरचा पडदा ओढून घेतलात. म्हातारा माणूस, पैसे गेले, मला वाईट वाटतं. पण त्यांनी जे शब्द वापरले ते तुमच्या घरातल्या बाईला वापरले असते, तर तुम्ही कुठला पडदा ओढला असतात?"

"बाई, आवाज खाली," कडलग म्हणाले.

"आवाज खाली ठेवूनच रांजण भरला, अण्णासाहेब. आज खाली नाही होणार."

खडे बाहेर पडत होते. कावळा एका खेपेला मूठ मूठभर उचलत होता, कारण एकच शब्द तिने शंभर शंभर वेळा गिळलेला होता आणि जुईने लिहून ठेवलं होतं की एकदा सांगितलं की सगळे बाहेर. 'नको' या शब्दाचे खडे पडद्यावरून बराच वेळ पडत राहिले. ते थांबेनात, तसे खैरनार टेबलावरच्या कागदाकडे पाहू लागले.

शेवटी तळाशी फक्त सोनेरी उरले.

"आणि हे," सारिका पडद्याकडे वळून म्हणाली, "हे माझ्या आईचं देणं. आईने दिलं म्हणून सांभाळलं. तुम्हाला नंबर हवा होता ना? घ्या लिहून. तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस. तेरा त्रिक एकोणचाळीस."

तिने पाढा म्हटला. वर्गात उभं राहून म्हणतात तसा, हात सरळ ठेवून, एकेक आकडा टेबलावर आपटावा तसा. तेरा आठी चारोदरसे. तेरा नव्वे सतरोदरसे. समोरचे तिघे निघून गेले नव्हते. जाताही येत नव्हतं. तेरा दाहे तीसोदरसे.

रांजण रिकामा झाला. कावळा काठावर बसला. पडद्यावर मोठी अक्षरं आली:

निष्ठांक १००. सर्वाधिक प्रामाणिक कर्मचारी.

दाराशी शिपायाच्या हातातले कप किणकिणले. तो हसू दाबत होता.

"हे... हा अपवाद आहे," बागवे म्हणाला. "पुढच्या आवृत्तीत आम्ही..."

"पुढच्या आवृत्तीत माझी ओळ मिळणार नाही," जुई म्हणाली. "मी ती खोडलीय. झोपवली नाही, खोडली. तुमच्याकडे जुनी प्रत आहे, ते मला माहीत आहे. ती ओळ जागी कशी केलीत ते मी बाजारात मोकळं लिहून ठेवलंय. तुमच्या नावासकट. कुणीही वाचू शकतं."

कडलगांनी घसा साफ केला. "ठीक आहे. गैरसमज झाला. पोलीस करतील तपास. बाई, उद्यापासून या कामावर."

"येणारच आहे. साडेदहाला," सारिका म्हणाली. "नोकरी मी सोडत नाही. पट्टी सोडते."

तिने कानामागे नख घातलं आणि पट्टी सोलायला सुरुवात केली. जबड्याच्या कडेला दोन महिन्यांत एक लाल वळ उमटला होता. पट्टी हातात आली तशी तिने ती नीट सरळ केली आणि टेबलावर, कडलगांच्या पुढ्यात ठेवली. चिकटणारी बाजू वर.

"अण्णासाहेब," ती म्हणाली, "सोय आहे म्हणता ना. अर्धा तास लावा. तुम्ही, नाहीतर सर, नाहीतर हे पुण्याचे साहेब. कुणीही एकाने. मी आणि माझी मुलगी इथेच बसून पडदा बघतो."

तिने खुर्ची ओढली. जुईने दुसरी ओढली. मायलेकी बसल्या.

शिपायाच्या हातातला चहा गार झाला. भिंतीवर रिकाम्या रांजणाच्या काठावर कावळा वाट पाहत होता. तिघांपैकी एकानेही पट्टीला हात लावला नाही.